चूक कोणाची, कविता कोणाशी बोलते: युद्धकवितांच्या तुलनेचा आढावा

दोन युद्धकविता शेजारी ठेवून निबंध लिहिणे हा इंग्लंडमधल्या शाळांचा नेहमीचा पाठ आहे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायच्या जीसीएसई परीक्षेसाठी ‘एक्यूए’ या मंडळाने सत्ता आणि संघर्ष या विषयावरच्या पंधरा कविता नेमल्या आहेत. प्रश्नपत्रिकेत त्यांतली एक छापून येते, दुसरी विद्यार्थ्याने आठवणीतून निवडायची, आणि उत्तराला तीस गुण. आपल्याकडे रसग्रहण बहुधा एका कवितेचे होते, तुलना झालीच तर शेवटच्या दोन ओळींत. इंग्लंडमध्ये मात्र तुलनेची एक पक्की वहिवाट तयार झाली आहे. एक कविता युद्धाचा गौरव करणारी, दुसरी युद्धाचे खरे रूप दाखवणारी. पहिली भाबडी, दुसरी प्रामाणिक. या वहिवाटेत अडचण अशी की निकाल कविता वाचण्याआधीच लागलेला असतो. शंभर वर्षांनंतर पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या लढाईची बाजू घेणारा वाचक सापडणार नाही, त्यामुळे कवीची युद्धाविषयीची बाजू हा निकष धरला की तुलना म्हणजे आपल्या मताला जुळणाऱ्या कवीची पाठ थोपटणे एवढेच उरते. मला वाटते, युद्धकवितांची तुलना दोन प्रश्नांवर उभी राहायला हवी: कविता कोणाशी बोलते, आणि मेलेल्यांचा जाब ती कोणाकडे मागते. हे प्रश्न लावले की ठरून गेलेल्या जोड्यासुद्धा वेगळ्या दिसतात आणि काही नव्या जोड्या सुचतात.

ठरून गेलेली जोडी म्हणजे रुपर्ट ब्रुकचे ‘द सोल्जर’ आणि विल्फ्रेड ओवेनची ‘डल्से एट डेकोरम एस्ट’. ही जोडी जुळली ती कवितांपेक्षा दोघांच्या मरणामुळे. ब्रुकने १९१४ च्या अखेरीस पाच युद्धसुनीते लिहिली, हे त्यांतले शेवटचे. ४ एप्रिल १९१५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये डीन इंग यांनी ते व्यासपीठावरून वाचून दाखवले. तीन आठवड्यांच्या आत, २३ एप्रिलला, गॅलिपोलीच्या मोहिमेवर निघालेला ब्रुक ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ एका फ्रेंच रुग्णनौकेवर वारला. त्याला गोळी लागली नव्हती, डास चावल्याचे निमित्त होऊन रक्त दूषित झाले होते. ‘टाइम्स’मध्ये त्याच्यावर चर्चिल यांनी लिहिले. कवितेत ज्या परदेशी मातीची कल्पना केली होती तसल्याच मातीत, ऑलिव्हच्या राईत, त्याची कबर झाली आणि कविता व चरित्र एकमेकांना घट्ट चिकटले. ओवेनचे तसेच. १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात उपचार घेताना त्याला कवी सिगफ्रिड ससून भेटला आणि त्याच सुमारास विषारी वायूवरची ही कविता आकाराला आली. ४ नोव्हेंबर १९१८ ला सांब्र-वाझ कालव्यावर तो मारला गेला. घरी तार पोचली ती शस्त्रसंधीच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला. त्याच्या हयातीत जेमतेम पाच कविता छापल्या गेल्या होत्या. संग्रह १९२० मध्ये ससूनच्या प्रस्तावनेसह निघाला. डासाच्या चाव्याने गेलेला देखणा तरुण आणि युद्ध संपायला आठवडा उरला असताना पडलेला अधिकारी: दोन्ही मरणे इतकी बोलकी की कविता त्यांच्याखाली दबून गेल्या.

पण आज दिसणारा निकाल नेहमी असाच नव्हता, हे आढाव्यात सांगणे भाग आहे. १९३६ मध्ये डब्ल्यू. बी. येट्स यांनी आधुनिक काव्याचा ऑक्सफर्ड संग्रह संपादला तेव्हा ओवेनला सरळ वगळले. नुसते सोसणे हा काव्याचा विषय होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. येट्स यांचा निर्णय आज हटवादी वाटतो, पण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. कवितेत माणूस काही करतो की त्याच्यावर फक्त काही होते, हा तो प्रश्न. पुढे वारे फिरले. १९६२ मध्ये कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलसाठी संगीतकार बेंजामिन ब्रिटनने मृतांच्या लॅटिन प्रार्थनेत ओवेनच्या कविता गुंफून ‘वॉर रेक्विएम’ रचले, पुढच्याच वर्षी सेसिल डे लुइस यांनी संपादलेली ओवेनच्या कवितांची आवृत्ती आली, आणि शाळेच्या पुस्तकात ओवेन युद्धाचा अधिकृत साक्षीदार होऊन बसला. एकाच कवीला एक पिढी काव्याबाहेर ठेवते आणि दुसरी त्याला मापदंड करते, तेव्हा बदललेली असते ती युद्धाकडे पाहण्याची दृष्टी. कवितेतला एक शब्दही बदललेला नसतो. बाजूचा निकष किती डळमळीत आहे याला याहून वेगळा दाखला नको.

आता या दोन कविता चरित्रे बाजूला ठेवून वाचाव्यात. पहिली गोष्ट अशी दिसते की शत्रू दोन्हींत नाही. ब्रुकच्या चौदा ओळींत इंग्लंड आणि इंग्लिश हे शब्द मिळून सहा वेळा येतात, पण बंदूक नाही, जर्मन नाही, लढाईही नाही. शीर्षक काढून टाकले तर हा माणूस सैनिक आहे हे खात्रीने सांगणे कठीण. ओवेनच्या अठ्ठावीस ओळींत वायू आहे, चिखल आहे, रक्ताळलेले पाय आहेत; पण शत्रू आहे तो मागे पडणाऱ्या तोफगोळ्यांपुरता. माणूस म्हणून तो कुठेच नाही. म्हणजे देशासाठी शत्रूशी लढावे की नाही, हा वाद या दोन कवितांमध्ये होतच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोन्ही कविता घरी बसलेल्या वाचकाला उद्देशून आहेत आणि दोन्हींचा सांधा एका ‘जर’वर आहे. ब्रुक म्हणतो, मी मेलो तर माझ्याविषयी एवढेच मनात धरा. ओवेन शेवटच्या बारा ओळींत वाचकाकडे वळतो आणि म्हणतो, वायूने गुदमरणाऱ्या सैनिकाचे ते स्वप्न तुम्हीही पाहिले असते, त्याला टाकलेल्या गाडीमागून चालला असता, तर देशासाठी मरणे गोड आणि शोभून दिसणारे, ही जुनी लॅटिन उक्ती तुम्ही मुलांना सांगितली नसती. एक कवी वाचकाला काय आठवायचे ते नेमून देतो, दुसरा वाचकाच्या तोंडून एक वाक्य काढून घेतो. ब्रुकला वाचकाकडून स्मरण हवे आहे. ओवेनला मौन हवे आहे, निदान मुलांसमोर. ब्रुकच्या कवितेत मृत्यूचा जाब कोणाला विचारलेलाच नाही, कारण मरणारा स्वतः बोलतो आहे आणि त्याची तक्रार नाही. ओवेन जाब विचारतो, पण सेनापतींना नव्हे, जर्मनांनाही नव्हे. होरेसची ती लॅटिन ओळ पाठ करून घेणाऱ्या, घरातल्या सुरक्षित माणसांना. मसुद्यांवर त्याने आधी ही कविता जेसी पोप या कवयित्रीला उद्देशली होती. वृत्तपत्रांत भरतीची उत्साही पद्ये लिहिणारी ही बाई त्या काळी लोकप्रिय होती. अखेरच्या पाठात ते नाव गेले आणि राहिला तो एक बोचरा ‘मित्र’. नाव गळल्याने कविता सौम्य झाली असे कोणी म्हणेल. उलट जाब मागायची कक्षा वाढली, एका बाईऐवजी वाचणारा प्रत्येक जण आरोपीच्या जागी आला.

यावर पहिला आक्षेप तारखेचा. ब्रुकने १९१४ मध्ये लिहिले, ओवेनने १९१७ मध्ये. मधे सॉमची लढाई झाली, म्हणून फरक पडला, त्यात कवितेच्या रचनेचे काय एवढे? हा खुलासा पाठ्यपुस्तकांना आवडतो, कारण तो इतिहासाच्या तासाशी जुळतो. पण तो अर्धाच खरा आहे. चार्ल्स सॉर्ली हा वीस वर्षांचा अधिकारी ऑक्टोबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत पडला, म्हणजे सॉमच्या कितीतरी आधी. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, ब्रुकच्या मृत्यूनंतर लगेच, त्याने पत्रात लिहिले होते की ब्रुक स्वतःच्या त्यागाच्या फार प्रेमात पडला आहे. आणखी मागे जाता येते. बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा, नोव्हेंबर १८९९ मध्ये, थॉमस हार्डी यांनी दक्षिण आफ्रिकेत पुरलेल्या एका नगारेवाल्या पोरावर कविता छापली. परदेशी माती, इंग्लिश देह, कायमचे पडून राहणे, ही सगळी सामग्री पंधरा वर्षांनी ब्रुकने वापरली तीच. पण हार्डींचा पोरगा त्या अनोळखी पठाराचा होऊन जातो. त्याच्या देहावर तिथले झाड वाढते, त्याच्यावरचे तारे त्याला परकेच राहतात आणि तरी तेच त्याचे नशीब होतात. ब्रुकच्या कवितेत उलट घडते: मेलेला इंग्रज ती परकी जमीन इंग्लंडची करून टाकतो. माती कोणाची, देहाची की देशाची? माझ्या मते ब्रुकची खरी जोडी हार्डींशी आहे. प्रश्न एक, उत्तरे दोन, आणि जुने उत्तर अधिक कडू. काळ पुढे सरकतो तशी कविता शहाणी होत जाते, हा समज या जोडीपुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो साक्षीचा. जो तिथे होता त्याचे शब्द आणि जो नव्हता त्याचे शब्द एका तागडीत घालायचे का? पॉल फसेल यांच्या १९७५ च्या ‘द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी’ या ग्रंथाने पहिल्या महायुद्धाकडे पाहण्याची जी रीत घालून दिली तिच्या केंद्रस्थानी खंदकातला अनुभव आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत सोळा युद्धकवींच्या नावांची शिळा बसवली गेली, सोळाही पुरुष. पण १९७८ मध्ये कॅथरिन रायली यांनी या युद्धावरच्या इंग्रजी कवितांची सूची केली तेव्हा २,२२५ ब्रिटिश कवींची नोंद निघाली. त्यांत ५३२ स्त्रिया होत्या. म्हणजे जेवढी कविता लिहिली गेली तिच्या कडेचा एक तुकडा आपण ‘युद्धकविता’ म्हणून वाचतो. जेम्स कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये या वृत्तीवर नेमके बोट ठेवले. लढाई हे एक गुह्यज्ञान मानायचे, ज्याला त्याची दीक्षा मिळाली त्यालाच बोलण्याचा अधिकार द्यायचा, आणि समीक्षकाने त्या अधिकाराचा राखणदार व्हायचे, असे हे चालले आहे, हा त्यांचा आरोप. तो मला पटतो, एका पुरवणीसह. साक्षीला किंमत आहेच. वायूहल्ल्यात मुखवटा चढवताना बोटांची जी धांदल ओवेन लिहितो ती ऐकीव माहितीवर लिहिता आली नसती. पण साक्ष कवितेतले तपशील तपासायला उपयोगी पडते, कवितेचे मोल ठरवायला नव्हे. शिवाय साक्षीदार म्हणजे युद्धविरोधक, हे समीकरण खुद्द ओवेनला लागू पडत नाही. १९१८ मध्ये तो आघाडीवर परतला आणि ऑक्टोबरमधल्या ज्या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला तीत शत्रूची हस्तगत केलेली मशीनगन त्याने शत्रूवरच चालवली होती.

साक्ष नसलेल्या दोन कवींना शेजारी ठेवले म्हणजे हा मुद्दा स्वच्छ होतो, आणि इथे मराठी वाचकाकडे एक जोडी आयती आहे: टेनिसन यांची लाइट ब्रिगेडवरची कविता आणि कुसुमाग्रजांची प्रतापराव गुजरांवरची कविता. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत लॉर्ड रॅग्लन यांचा एक संदिग्ध हुकूम कॅप्टन नोलन यांनी लॉर्ड लुकन यांच्याकडे पोचवला, लुकननी तो लॉर्ड कार्डिगनना दिला, आणि उंचवट्यावरून तोफा हलवल्या जाऊ नयेत म्हणून निघालेला हुकूम खालच्या दरीत समोरच्या तोफखान्यावर सरळ चाल करण्याचा हुकूम ठरला. सुमारे ६७० घोडेस्वार गेले, शंभरावर मेले. टेनिसन तेव्हा राजकवी होते, लढाईपासून शेकडो कोस दूर. ‘टाइम्स’मधली हकीकत वाचून त्यांनी डिसेंबरच्या आरंभी कविता लिहिली आणि ९ डिसेंबरला ती ‘एक्झामिनर’मध्ये छापून आली. इकडे २४ फेब्रुवारी १६७४ ला, राज्याभिषेकाच्या साडेतीन महिने आधी, गडहिंग्लजजवळच्या नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण मारले गेले. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडून दिले होते, त्यावरून शिवाजी महाराजांचे कडक शब्द त्यांना ऐकावे लागले होते. बरोबरच्या सहा जणांच्या नावांवर इतिहासलेखकांचे एकमत नाही. कुसुमाग्रज तर या घटनेनंतर जवळजवळ अडीच शतकांनी जन्मलेले. म्हणजे दोन्ही कवी ऐकीव माहितीवर लिहीत आहेत, दोन्ही घटना लष्करी हिशेबाने फसलेल्या आहेत, दोन्हींत थोड्यांनी पुष्कळांवर घोडे घातले आहेत, आणि दोन्ही कविता आपापल्या भाषेत मुलांच्या तोंडी बसल्या आहेत.

साम्य नुसते प्रसंगाचे नाही, बांधणीचेही आहे. दोघांनीही आकड्यालाच ध्रुवपद केले. टेनिसनच्या सहाही कडव्यांचा शेवट सहाशे या संख्येवर होतो. कुसुमाग्रजांच्या कवितेत सात हा आकडा पुन्हा पुन्हा येतो आणि कडव्यांचा यमकबंधही त्याच्याशीच बांधलेला आहे. दोघांनीही वेढा दिशा मोजून दाखवला: इंग्रजीत उजवीकडे, डावीकडे, समोर तोफा, मराठीत खाली, वर, बाजूंना आग. दोन्हींची लय घोड्याच्या टापांची आहे. कुसुमाग्रजांनी टेनिसन वाचले असणारच, असे म्हणून प्रभावाचा धागा ओढायचा मोह इथे होतो, पण त्याने तुलनेत काही भर पडत नाही. फरक अधिक शिकवतो. टेनिसनचे सहाशे हे ६७० चे ढोबळ रूप, आणि त्या शब्दाभोवतीची शब्दयोजना कडव्यागणिक हलत जाते. आधी सहाशे स्वार जातात, मग परततात पण सगळे सहाशे नव्हेत, मग सहाशेंतून उरलेले, आणि शेवटी थोर सहाशे. हा चक्क हानीचा जमाखर्च आहे, तालात बसवलेला. मराठी कवितेत आकडा हलूच शकत नाही, कारण कोणी परतत नाही. तिथे त्या सातांना एकामागून एक रूपे मिळत जातात: धुळीचे लोट, समुद्रात पडणाऱ्या उल्का, वणव्यात जळणारे पक्षी. टेनिसन मोजतात, कुसुमाग्रज रूपांतर करतात.

आणि मग जबाबदारीचा प्रश्न. टेनिसनच्या दुसऱ्या कडव्यात कोणाकडून तरी चूक झाल्याची कबुली आहे आणि ती स्वारांना ठाऊक असल्याचेही सांगितले आहे, पण तो ‘कोणी तरी’ निनावी राहतो. रॅग्लन, लुकन, नोलन, कार्डिगन, एकाचेही नाव कवितेत नाही. चूक वरच्यांची, मरण खालच्यांचे, आणि खालच्यांचे मोठेपण आज्ञापालनात. ही कबुली स्वतः कवीलाही जड गेली. १८५५ च्या ‘मॉड’ संग्रहात त्यांनी चुकीचा तो उल्लेख काढून टाकला होता. मात्र क्रिमियातल्या सैनिकांना ही कविता प्रिय आहे असे कळल्यावर त्यांच्यासाठी जी पत्रके छापून पाठवली त्यांत तो परत घातला, आणि तोच पाठ पुढे टिकला. राजकवीला जी कबुली नको होती ती सैनिकांच्या प्रतीत राहिली, हे मला या कवितेच्या चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे पान वाटते. कुसुमाग्रजांकडे रचना उलटी आहे. तिथे चुकलेला हुकूम नाही. आहे ते धन्याच्या पत्रातले जळजळीत शब्द, आणि पत्रात चाल करून जा असे म्हटलेले नाही. निर्णय वाचणाऱ्याचा. पापणी भिजते, मान वळते आणि सहा जण न विचारता उठतात. मागे राहिलेले सैन्य थक्क होऊन पाहत राहते. म्हणजे शिस्तीने थांबलेली मोठी फौज कवितेत हजर आहे आणि तरी कविता तिच्याबरोबर थांबत नाही. आपला नायक वेडात धावला हे कवी ध्रुवपदातच कबूल करतो, दडवत नाही, आणि दोष पत्र लिहिणाऱ्यावरही टाकत नाही. टेनिसनच्या कवितेचा गाभा आज्ञा आहे, कुसुमाग्रजांच्या कवितेचा गाभा लाज. म्हणूनच शेवटही वेगळे. टेनिसन वाचकाला आज्ञार्थात सांगतात की यांचा मान राखा. त्यांच्यासमोर वर्तमानपत्र वाचणारे राष्ट्र बसले आहे आणि चुकीच्या बातमीने ते अस्वस्थ आहे. कुसुमाग्रज कोणालाच काही सांगत नाहीत. त्यांच्या शेवटच्या कडव्यात दगड, ओढा, क्षितिज आणि वाऱ्यावरचे गाणे आहे, सगळे अजूनही चालू असलेले. लताबाईंच्या आवाजात हृदयनाथांच्या चालीवर ही कविता घरोघरी गेल्यापासून ते गाणे कोण गाते याचे उत्तर श्रोत्यालाच मिळू लागले, आणि त्याबरोबर एक नुकसानही झाले: ऐकणाऱ्याला दौड आठवते, ओले डोळे विसरतात. वीरश्रीचे गीत म्हणून ती वाजते तेव्हा तिच्यातली लाज ऐकू येत नाही.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो नीतीचा आहे. कोण कोणाशी बोलते हे बघत बसल्याने युद्धाला होकार देणाऱ्या कवितेला मोकळे सोडल्यासारखे होत नाही का? माझे म्हणणे उलट आहे: बोलण्याची दिशा पाहिली की होकार अधिक नेमका पकडता येतो. कॅनडाचे डॉक्टर जॉन मॅक्रे यांची पॉपीच्या फुलांवरची कविता ८ डिसेंबर १९१५ च्या ‘पंच’मध्ये आली. पहिल्या दोन कडव्यांत मेलेले लोक आपण मेलो एवढेच सांगतात, तिसऱ्यात तेच जिवंतांना भांडण पुढे चालवण्याचा वारसा देतात आणि न चालवल्यास झोप लागणार नाही असे बजावतात. फसेल यांना हे तिसरे कडवे भरतीच्या जाहिरातीसारखे वाटले, आणि कॅनडात युद्धकर्जरोख्यांच्या प्रचारासाठी ही कविता खरोखर वापरली गेली. पण दोष नेमका कुठे आहे? मेलेल्यांच्या तोंडी घातलेल्या आज्ञेत, कारण तिला उलट उत्तर देता येत नाही. त्याच वर्षी सरोजिनी नायडूंनी हिंदी सैनिकांवर लिहिलेली ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ शेजारी ठेवा. तीही मृतांच्या वतीने मागणे मागते, तीही युद्धाला नकार देत नाही, म्हणून बाजूच्या निकषावर दोन्ही एकाच खणात पडतील. पण तिथे बोलणारी आई आहे, ती भारतभूमी आहे, आणि ऐकणारा इंग्रज आहे. पर्शिया, इजिप्त, फ्लँडर्स इथे विखुरलेल्या आपल्या मुलांचा हिशेब ती त्याच्यापुढे मांडते आणि शांतता होईल तेव्हा हे रक्त ध्यानात ठेवा म्हणते. मॅक्रेंची कविता ऋण जिवंत सैनिकांवर चढवते, नायडूंची साम्राज्यावर. भाषा दोघांचीही भरजरी, आणि नायडूंची तर आजच्या कानाला जरा जास्तच. पण राजकारण एकमेकांविरुद्ध आहे.

परीक्षेच्या दृष्टीने यातून काय निघते, तेही थोडक्यात. आधी एक कविता पूर्ण उलगडायची, मग दुसरी, आणि अखेरीस ‘अशा प्रकारे’ म्हणून साम्य-भेद, ही मांडणी लिहायला सोपी पण तुलना तिच्यात होत नाही. दोन रसग्रहणे पाठोपाठ येतात. दर वाक्यात ‘तर दुसरीकडे’ घालणे हा त्यावरचा उतारा समजला जातो, पण तोही दिखाऊ. प्रतिमा, यमक, लय असे कप्पे करून प्रत्येकात दोन्ही कविता टाकल्या की प्रश्नच हरवतो. एक प्रश्न निवडून त्याच्या उत्तरासाठी लागेल तेव्हा लागेल ती कविता उघडली, तर रचनेचे तपशील आपोआप जागेवर येतात. आकडा का बदलतो, शेवटी क्रियापद आज्ञार्थी का आहे, शत्रू का दिसत नाही, या गोष्टी मग अलंकारांच्या यादीत राहत नाहीत, पुरावा होतात. परीक्षकाला गुण द्यायला ठोस काही हवे असते, ही तक्रार रास्त आहे, पण याहून ठोस काय असणार?

हा निकष सगळीकडे सारखा चालत नाही, हेही मान्य करावे लागते. आयझॅक रोझनबर्गची खंदकातल्या पहाटेवरची कविता डिसेंबर १९१६ मध्ये शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात आली. तीत सैनिक बोलतो तो एका उंदराशी, जो इंग्रजांच्या आणि जर्मनांच्या हातांना सारखाच लागून जातो. जाब तिथे कोणालाच विचारलेला नाही. उंदीर हसतो की काय अशी शंका आहे, आणि सैनिकाने कानामागे खोवलेले पॉपीचे फूल आहे. जबाबदारी कुठे ठेवली, या प्रश्नाला ही कविता दाद देत नाही, तेव्हा तिला ओवेनशेजारी बसवून काही हाती लागत नाही. तिला मॅक्रेंशेजारी बसवावे. दोघांकडेही पॉपी आहे. मॅक्रेंची पॉपी कबरींच्या रांगांत उगवते आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरला कोटावर लागते. रोझनबर्गच्या पॉपीची मुळे माणसांच्या शिरांत आहेत, ती गळत राहते, आणि आपण खोवलेली तेवढी सुरक्षित, फक्त धुळीने जरा पांढुरकी झालेली, असे तो म्हणतो. तो स्वतः १ एप्रिल १९१८ ला मारला गेला, पण ते या जोडीच्या निबंधात लिहायची गरज नाही.